खोडदच्या तबकड्या आणि कर्नेलची कुलपे

जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री डोळ्यांपुढे येतात. त्याच तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला, खोडद गावाच्या परिसरात आणखी एक वारसा उभा आहे, आणि त्याचे वय अवघे काही दशकांचे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतामळ्यांच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण साकारली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक किलोमीटर लांबीरुंदीच्या परिसरात आहेत. उरलेल्या १६ तीन बाहूंवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पडते. जुन्नर-आंबेगावचा हा टापू निवडण्यामागे कारणे होती: रेडिओ लहरींचा गोंगाट कमी, भोवती डोंगरांचा आडोसा, वाऱ्याचा जोर बेताचा आणि पुणे हाकेच्या अंतरावर.

तबकड्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. दुर्बिणीचे 'पाहणे' मात्र तबकडीत घडत नाही. प्रत्येक तबकडीचा संकेत प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तेथे प्रत्येक तबकडीची दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी तुलना होते. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. प्रारंभी हे काम खास त्यासाठी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होते.

२०१० साली जयंत रॉय, यशवंत गुप्ता, उए-ली पेन, जेफ्री पीटरसन, संजय कुडाळे आणि जितेंद्र कोडिलकर यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. खास यंत्रणेचे हे काम बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर आणि सॉफ्टवेअरवर करता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले होते. लिनक्स चालवणाऱ्या ४८ संगणकांचा समूह, ३२ अँटेनांची सोय, प्रत्येकीचे दोन ध्रुवीकरण-संकेत आणि ३३ मेगाहर्ट्‌झचा पट्टा असा तो पसारा होता.

या आकड्यांचा अर्थ असा. संकेतांचे ६४ प्रवाह, आणि प्रत्येकातून सेकंदाला सुमारे साडेसहा कोटींहून अधिक नमुने. म्हणजे दर सेकंदाला चार अब्जांवर आकडे. आकाश थांबत नाही. संगणक क्षणभर अडखळला, तर त्या क्षणीचा संकेत पुन्हा मिळत नाही.

हे ओझे पेलण्यासाठी निबंधकारांनी अनेक उपाय योजले होते. त्यांतला एक म्हणजे एकाच प्रोग्रामचे अनेक थ्रेड एकाच वेळी चालवणे. (समाजमाध्यमांवरच्या थ्रेडशी याचे नाते नावापुरतेच.) एका घरातली माणसे एकाच स्वयंपाकघरात वावरतात, तसे हे थ्रेड संगणकाची एकच मेमरी वापरतात. अडचण नेमकी तेथेच सुरू होते.

समजा, मेमरीत एका ठिकाणी १०० हा आकडा आहे आणि दोन थ्रेडना त्यात एकेक मिळवायचा आहे. पहिल्याने १०० वाचला. त्याने १०१ लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही १०० वाचला. दोघांनी १०१ लिहिले. बेरीज दोनदा झाली, वाढ एकाचीच उरली. असा दोष हजार वेळा तपासूनही दिसत नाही आणि एक हजार एकाव्या वेळी दिसतो.

त्यावरचा उपाय म्हणजे कुलूप. एकाने कुलूप घ्यावे, काम करावे, सोडावे. तोवर दुसऱ्याने थांबावे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात या कल्पनेला शिस्तबद्ध रूप दिले आणि तिला 'सेमाफोर' हे नाव दिले. हा शब्द रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलचा. एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा नियम संगणकाच्या पोटात शिरला तो असा.

लिनक्सचा जन्म १९९१चा. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर तो १९९६च्या २.० आवृत्तीपासून चालू लागला. तेव्हा केलेली सोय अगदी ढोबळ होती: ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेल्या संपूर्ण कर्नेलला एकच मोठे कुलूप. एक प्रोसेसर कर्नेलमध्ये शिरला की बाकीचे दाराबाहेर उभे. वाड्याला एकच दिंडी ठेवावी, त्यातला हा प्रकार. चूक होण्याचा धोका त्यात कमी होता, पण खोळंबा फार. पुढची पंधरा वर्षे त्या एका कुलपाची जागा लहान लहान कुलपांनी घेत नेली आणि २०११च्या २.६.३९ आवृत्तीत ते कायमचे निघाले.

कुलपे लहान झाली, तशी त्यांची संख्या वाढली. मेमरी सांभाळणाऱ्या विभागात तर कोणते कुलूप कशाचे रक्षण करते आणि कोणते आधी घ्यायचे, हाच एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला.

येथे गावच्या तलाठ्याचे दप्तर डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक चालू प्रोग्रामला कर्नेल पत्त्यांचे एक मोठे शिवार देते. शिवारात गट पाडलेले असतात: हा प्रोग्रामच्या सूचनांचा, हा विदेचा, हा एखाद्या फाइलीचा, हा 'स्टॅक'चा. प्रत्येक गटाची सुरुवात, शेवट आणि त्यावरचे हक्क एका नोंदीत लिहिलेले असतात. कर्नेलच्या भाषेत त्या नोंदीला व्हीएमए म्हणतात. हा झाला प्रोग्रामचा सातबारा.

दप्तर केवळ पाहणारे कितीही जण एका वेळी पाहू शकतात. फेरफार नोंदवायचा असेल, तर मात्र दप्तर एकाच्याच हाती हवे आणि तोवर पाहणाऱ्यांनाही मज्जाव हवा. लिनक्समध्ये या दप्तराच्या कुलपाचे नाव होते एमएमॅप-सेम. त्यातला 'सेम' म्हणजे डाइक्स्ट्रांचा सेमाफोर.

मेमरीच्या एखाद्या नव्या पानाला थ्रेडचा प्रथमच स्पर्श झाला की कर्नेलला दप्तर उघडून 'हे पान कोणत्या गटातले, हक्क काय' हे पाहावे लागे. त्यासाठी वाचनाचे कुलूप. त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडने नवा गट मागितला, तर त्याला लेखनाचे कुलूप, आणि मग सगळे वाचक रांगेत. २०१०च्या सुमाराच्या कोणत्याही लिनक्स यंत्रावर, मग ते खोडदला असो वा अन्यत्र, अनेक थ्रेडांचा प्रोग्राम याच एका कुलपावर विसंबून असे.

हे नियम लिहिलेले कोठे होते? बऱ्याच अंशी जाणत्यांच्या डोक्यात. काही सांकेतिक लिखाणातल्या टिपणांत: मेमरी विभागातल्या दोन फाइलींच्या माथ्यावर कोणत्या कुलपाच्या आत कोणते कुलूप घ्यायचे याची उतरंड लिहिलेली आहे. ती उतरंड मोडली तर काय होते? एका थ्रेडने पहिले कुलूप घेतले आणि दुसऱ्याची वाट पाहिली. दुसऱ्या थ्रेडने दुसरे घेतले आणि पहिल्याची वाट पाहिली. दोघेही अनंतकाळ उभे. यंत्र मेले नाही, पण हालतही नाही.

२००४ साली मेल गॉर्मन यांचे लिनक्सच्या मेमरी व्यवस्थापनावरचे पुस्तक निघाले. त्याचा भर २.४ मालिकेवर होता. इतका सविस्तर ग्रंथ या विषयावर तोवर नव्हता. ग्रंथ जेथे होता तेथेच राहिला आणि कर्नेल दर दोन-तीन महिन्यांनी पुढे सरकत गेले. दहा-पंधरा वर्षांनंतरही नवख्याला तेच पुस्तक सुचवले जाई, आणि सोबत 'यातले बरेच आता बदलले आहे' हेही सांगितले जाई.

२००६मध्ये इंगो मोल्नार यांनी 'लॉकडेप' नावाचा पहारेकरी कर्नेलमध्ये बसवला. कुलपे कोणत्या क्रमाने घेतली जातात यावर तो चालत्या यंत्रात नजर ठेवतो आणि उतरंड मोडताच ओरडतो. काम मोलाचे, यात शंका नाही. पण पहारेकऱ्याला क्रम कळतो, हेतू कळत नाही. 'ही नोंद बदलताना कोणते कुलूप हवे होते' हे त्याला कोणीतरी आधी सांगून ठेवावे लागते.

जुन्नरच्या लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाने दिलेल्या दानाचा. त्यात गावाचे नाव आहे वडालिका, क्षेत्र आहे २० निवर्तने, आणि त्या उत्पन्नातून करंजाची झाडे लावायची आहेत. कटपुतक गावातली आणखी ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी आहेत. कोणाचिक नावाच्या श्रेणीचाही त्यात उल्लेख आहे. दाता आणि श्रेणी यांना हे सारे तोंडपाठ असणारच. तरीही ते कातळात कोरले गेले. कारण दाता मरतो, श्रेणीचे प्रमुख बदलतात आणि झाडे मात्र पुढच्यांना लावायची असतात. याच लेण्यांतल्या इतर लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाचे काम करणाऱ्यांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणी भेटतात. त्यांतल्या धान्य व्यापाऱ्यांनी तर लेणे आणि पाण्याचे टाके दान केले आणि तेही लिहून ठेवले. कर्नेलच्या श्रेणीत ही सवय उशिरा आली.

२०२०च्या ५.८ आवृत्तीत मिशेल लेस्पिनास यांच्या कामामुळे त्या जुन्या कुलपाचे नाव एमएमॅप-लॉक झाले आणि ते घेण्या-सोडण्याचे मार्ग ठरावीक झाले. बदल वरवर नावापुरता दिसतो. पण ठिकठिकाणी थेट हाताळले जाणारे कुलूप एका दारातून हाताळले जाऊ लागले, म्हणून पुढचे बदल शक्य झाले.

२०२२मध्ये दोन गोष्टी घडल्या. माइक रापोपोर्ट यांनी मेमरी विभागाच्या अधिकृत दस्तऐवजांचा नवा आराखडा कर्नेलमध्ये घातला. प्रकरणांची मांडणी साधारणपणे गॉर्मन यांच्या पुस्तकासारखी होती. मात्र कित्येक प्रकरणांची केवळ शीर्षकेच होती, आत मजकूर नव्हता. 'प्रोसेस ॲड्रेसेस', म्हणजे प्रोग्रामच्या शिवाराचे प्रकरण, त्यांतलेच एक. कोरे पान, वर नाव.

दुसरी गोष्ट डिसेंबरातली. ६.१ आवृत्तीत लियाम हाउलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांनी घडवलेली 'मेपल ट्री' नावाची रचना आली. गटांच्या नोंदी आजवर ज्या झाडासारख्या मांडणीत ठेवल्या जात, तिची जागा या नव्या मांडणीने घेतली. दप्तर तेच, बांधणी नवी. नवी बांधणी वेगवान होती आणि पुढच्या सुधारणांसाठी आवश्यकही.

स्टॅक नावाचा गट गरजेप्रमाणे खालच्या पडीक पत्त्यांकडे वाढतो. गटाची हद्द सरकणे हा उघडच फेरफार. त्याला लेखनाचे कुलूप हवे. पण कित्येक वर्षे तो वाचनाच्या कुलपावरच होत असे. कारण जुन्या बांधणीत हद्द सरकवणे म्हणजे नोंदीतला एक आकडा खोडून दुसरा लिहिणे; पाने जागची हलत नसत. एक लहानसे जोडकुलूप तेवढ्याला पुरे होते. ही सवलत होती आणि ती निर्धोक होती, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना ठाऊक होते.

मेपल ट्रीत हा हिशेब बदलला. तेथे एक आकडा बदलताना कधी कधी दप्तराचे संपूर्ण पान नवे लिहून जुने रद्दीत टाकले जाते. आता दृश्य असे: एक थ्रेड वाचनाचे कुलूप घेऊन जुने पान वाचतो आहे. दुसरा थ्रेड, तोही वाचनाच्याच कुलपावर, स्टॅकची हद्द सरकवतो आणि जुने पान काही वेळाने रद्दीत जाते. पहिल्याचे डोळे अजून त्याच पानावर. रद्दीतल्या त्या कागदावर तिसऱ्याने काही वेगळे लिहून ठेवले, तर पहिला तेच खरे धरून चालणार.

२०२३च्या जूनमध्ये रुइहान ली या संशोधकाने हा दोष कळवला. त्याचे नाव पडले स्टॅकरॉट, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-३२६९. यंत्रावर साधे खाते असलेल्या माणसालाही त्या भेगेतून यंत्राचे सर्वाधिकार मिळवता येतील, हे त्याने पुढे प्रत्यक्ष दाखवले. ६.१ ते ६.४ या आवृत्त्या त्यात सापडल्या होत्या. दुरुस्तीत खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी पुढाकार घेतला आणि स्टॅक वाढवतानाही लेखनाचे कुलूप घेणे बंधनकारक झाले.

या प्रकरणात कोणा एकाला दोष देणे अन्यायाचे होईल. मेपल ट्री लिहिणारे त्या क्षेत्रातले जाणकार होते, तपासणारेही तितकेच जाणते. पण 'येथे वाचनाचे कुलूप का चालते' याचे कारण कोऱ्या पानावर नव्हते. बांधणी बदलताच ते कारण नाहीसे झाले आणि कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही.

त्याच जूनमध्ये आलेल्या ६.४ने गुंता आणखी वाढवला. सुरेन बगदासारियन यांच्या प्रयत्नातून प्रत्येक गटाला स्वतःचे कुलूप मिळाले. नव्या पानाला स्पर्श करणाऱ्या थ्रेडने आता संपूर्ण दप्तर अडवायचे नाही. आपल्या गटाचे वाचनाचे कुलूप घेतले की बहुतेक वेळा भागते. त्यामुळे अनेक थ्रेडांच्या प्रोग्रामांची रांग ओसरली. मात्र प्रोग्रामची प्रतिकृती काढतानाचा, म्हणजे 'फोर्क'च्या वेळचा एक नियम पहिल्या फेरीत निसटला. काही प्रोग्राम कोसळू लागले, सोय तात्पुरती बंद ठेवावी लागली आणि दुरुस्तीनंतर परत सुरू झाली.

गटाच्या या कुलपाची रचना सुरेख आहे. फेरफार करणाऱ्याने आधी संपूर्ण दप्तराचे लेखनाचे कुलूप घ्यायचे, मग ज्या गटांत बदल आहे त्यांची. दप्तरावर एक क्रमांक असतो. गटाला कुलूप लावणे म्हणजे तोच क्रमांक गटाच्या नोंदीवर लिहिणे. दोन्ही क्रमांक जुळले की गट बंद. काम संपल्यावर प्रत्येक गटाकडे परत जावे लागत नाही. दप्तराचा क्रमांक एकाने वाढवला की जुळणी तुटते आणि सारे गट एकदम मोकळे होतात. ज्याला हे कोणी सांगितलेले नाही, तो मात्र गटाचे लेखनाचे कुलूप सोडणारी ओळ शोधत बसतो. ती ओळ नसतेच.

२०२४च्या नोव्हेंबरात लॉरेंझो स्टोक्स यांनी ते कोरे प्रकरण लिहायला घेतले. दप्तराचे कुलूप, गटाचे कुलूप, पानावरून गटाकडे उलटा माग काढतानाची कुलपे आणि पानांच्या कोष्टकांची कुलपे अशी सगळी त्यात आली. नोंदीतला कोणता रकाना कोणत्या कुलपाखाली वाचायचा आणि कोणत्या कुलपांखाली बदलायचा, हे तक्त्यांत मांडले गेले. फायलींच्या माथ्यावरची जुनी उतरंडही तेथे आणली गेली.

हे लिखाण एका बैठकीचे नव्हते. मसुदा जाहीरपणे मांडला गेला आणि त्या विभागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनी त्यातली वाक्ये तपासली, दुरुस्त्या सुचवल्या. ज्यांनी कुलपे घडवली, त्यांनाही शब्दांत नियम बांधताना थांबून विचार करावा लागला. 'हे कुलूप घेतले की नोंद स्थिर राहते' असे म्हणायचे, तर 'स्थिर' म्हणजे नेमके काय? नोंद नाहीशी होणार नाही इतकेच, की तिच्यातले आकडेही बदलणार नाहीत? दोन्ही हमींची कुलपे एकच नाहीत.

मध्यंतरी खोडदची दुर्बीणही बदलली. उन्नत जीएमआरटीत ३३ मेगाहर्ट्‌झच्या जागी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा हाताळला जातो आणि गणिताचा मोठा भार ग्राफिक्स प्रोसेसरांवर असतो. तबकड्या तेवढ्याच, ३०. जोड्या तेवढ्याच, ४३५. वाढला तो दर सेकंदाला मेमरीतून वाहणारा ओघ.

स्टोक्स यांचे प्रकरण पूर्ण होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच २०२५च्या मे महिन्यात ६.१५ आवृत्ती आली. तिच्यात बगदासारियन यांनी गटाच्या कुलपाची अंतर्गत रचनाच बदलली: वाचन-लेखनाच्या वेगळ्या कुलपाऐवजी आता नोंदीवर किती जणांचा हात आहे याची मोजणी. म्हणजे प्रकरणातला तो भाग जुना झाला. पण बदलांच्या त्याच मालिकेत संकेतांच्या ओळींबरोबर एक तुकडा दस्तऐवजाचाही होता. कुलूप बदलले, आणि त्याच खेपेला त्याचे प्रकरणही बदलले.